तिसऱ्या मजल्यावर चढणारी सायकल

प्रश्न : मी कोल्हापूरच्या राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. खाली ठेवलेली मुलाची सायकल चोरीला गेली, त्यामुळं नवी सायकल घरातच ठेवणार. वय ४३, उंची पाच फूट दोन इंच, वजन ६२ किलो. नोकरी शाहूपुरीतल्या बँकेत. आता रोज सायकलनं जायचं ठरवलंय. माहेर केर्लीच्या पुढं आहे. रविवारी तिकडं जावं, तिथल्या शेताकडच्या पाणंदीतूनही सायकल जावी आणि कधीतरी पन्हाळा चढावा अशी हौस आहे. दुकानदार म्हणतो, पुढं-मागं शॉकअपवाली घ्या, खड्डे कळणारच नाहीत. भाचा म्हणतो, मावशी, कार्बनची रेसर घे, एका बोटावर उचलते. त्याच्या मित्राला जुनी विकायची आहे. मिस्टरांचं म्हणणं, लेडीज मॉडेलच बरं, ड्रेसवर बसायला सोयीचं. बजेट तीस हजार. हलकी हवी, एवढंच मला कळतं. काय घेऊ?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, तुम्हाला तिघांनी तीन सायकली सुचवल्या आणि तिघांनीही तुमचा जिना हिशेबात धरलेला नाही. पन्हाळा तुम्ही वर्षातून चार-पाच वेळा चढाल. तीन मजले मात्र रोज चढायचे आहेत, तेही सायकल घेऊन. तेव्हा सुरुवात तिथून करू.

दुकानदार सांगतोय ती शॉकअपवाली सायकल १६ ते १८ किलोची असते. घरगुती गॅसचा रिकामा सिलिंडर बहुतेक वेळा याहून हलका भरतो. हे ओझं सकाळी तीन मजले खाली आणि संध्याकाळी बँकेतून दमून आल्यावर तीन मजले वर. आठ दिवस उत्साहात जातील. मग एखाद्या पावसाळी संध्याकाळी ‘आजच्या दिवस राहू दे खाली’ म्हणाल, आणि मुलाच्या सायकलचं झालं तेच हिचं होईल.

त्या वजनात मोठा वाटा शॉकअपचाच आहे. स्वस्त सायकलींचा पुढचा स्प्रिंगवाला फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो. साधा, न हलणारा फोर्क एक-सव्वा किलोत होतो. मागंही स्प्रिंग असली तर तिचं वजन, तिचे सांधे आणि त्या सांध्यांची करकर, सगळं पदरात पडतं. शिवाय चढाला जोर लावला की सायकल खाली-वर डुलते आणि पायातली निम्मीशिम्मी ताकद त्या डुलण्यात जिरते असं वाटायला लागतं. दुकानात एक करून बघा. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर अंगाचा भार टाकून सोडा. चांगला शॉकअप आत जातो आणि सावकाश वर येतो. स्वस्तातला टणकन वर उडतो, कारण आत नुसती स्प्रिंग असते, तिला आवर घालणारं काही नसतं. असला शॉकअप खड्डा गिळत नाही, खड्ड्याचा धक्का जरा उशिरा परत देतो. शहरातल्या खड्ड्यांना आणि पाणंदीतल्या दगडगोट्यांना रुंद टायर आणि त्यात बेताची हवा एवढं पुरतं. त्याबद्दल पुढं सांगतो.

आता हलकी म्हणजे किती हलकी? सपाट रस्त्यावर दोन-चार किलोंनी फारसं काही बिघडत नाही, तिथं आपली झुंज वाऱ्याशी असते. वजन जाणवतं ते उचलताना आणि चढाला. पन्हाळ्याचाच हिशेब घाला. गड शहरापेक्षा साधारण चारशे मीटर उंच आहे. चढाला नुसती सायकल नव्हे, तुमच्यासकट सगळं वर न्यायचं असतं. तुमचे ६२ किलो, पाण्याची बाटली आणि पिशवी धरून तीन, सायकल १८ : एकूण ८३. सायकल १२ किलोची घेतली तर ७७. म्हणजे सात टक्के कमी. जिथून चढ सुरू होतो त्या वाघबीळपासून वर जायला तास लागत असेल तर चारेक मिनिटं वाचली, आणि जिन्यात सहा किलो वाचले ते वेगळेच. पण १२ ची १० किलोची केली तर त्या तासातलं जेमतेम दीड मिनिट वाचतं आणि किंमत दुप्पट झालेली असते. म्हणून माझं सांगणं असं : अठरावरून बारावर जरूर या. बारावरून खाली यायला एक रुपयाही घालू नका. तो पैसा टायर, गिअर आणि ब्रेक यांच्याकडं जाऊ दे.

बारा-तेरा किलोत बसते ती सायकल म्हणजे अॅल्युमिनियम फ्रेमची, साध्या फोर्कची हायब्रिड. हँडल सरळ, बसणं बऱ्यापैकी ताठ, टायर रेसरपेक्षा रुंद आणि डोंगरी सायकलपेक्षा अरुंद. तुमच्या बजेटमध्ये ती आरामात येते. पण दुकानात जाताना पर्समध्ये एक लोहचुंबक टाका, फ्रिजवर चिकटवायचा असतो तोसुद्धा चालेल. आपल्याकडं ‘अलॉय’ असं ठळक स्टिकर असतं आणि विचारलं तर कळतं की अलॉयची फक्त रिम आहे. चुंबक अॅल्युमिनियमला चिकटत नाही, लोखंडाला चिकटतो. फ्रेमच्या तिन्ही नळ्यांना लावा, मग फोर्क, हँडल, सीटखालची दांडी. फोर्क लोखंडी निघाला तर नाक मुरडू नका. स्टीलचा फोर्क बारीकसारीक थरथर चांगली खातो. फ्रेमला मात्र चुंबक चिकटला तर विचार करा. क्रोमोली नावाचं चांगलं, पातळ नळ्यांचं स्टील असतं, त्याच्या सायकली सुरेख असतात, पण या किमतीत नव्या सायकलीला बहुधा साधं जड स्टील असतं. (स्टीलचा एक फायदा खरा : फ्रेम तडकली तर उद्यमनगरात कोणीही जोडून देईल. अॅल्युमिनियम जोडलं तरी वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथली ताकद जाते.)

वजनावर दुकानदाराच्या तोंडी आकड्यांचा भरवसा धरू नका. जाहिरातीतलं वजन कित्येकदा सगळ्यात लहान साइजचं आणि पेडल-स्टँडशिवायचं असतं. दुकानात वजनकाटा मागा, आधी नुसत्या उभ्या राहा, मग सायकल उचलून उभ्या राहा, वजाबाकी करा. लाजायचं काय त्यात, पैसे आपले आहेत.

मिस्टरांच्या लेडीज मॉडेलचा विषय इथंच मिटवून टाकू. त्या सायकलीला वरची आडवी नळी नसते किंवा ती अगदी खाली असते. बसायला सोय, कबूल. पण नळी खाली गेली की फ्रेमचा ताठरपणा कमी होतो, तो भरून काढायला नळ्या जाड कराव्या लागतात, म्हणून ती साधारण जडच निघते. आणि जिन्यात खांद्यावर घ्यायला वरची नळीच नाही! सायकल जिन्यातून न्यायची पद्धत अशी : सायकलीच्या डाव्या अंगाला उभं राहायचं, उजवा हात फ्रेमच्या आतून घालायचा, वरची नळी उजव्या खांद्यावर घ्यायची आणि त्याच हातानं हँडल धरायचं. चेन उजव्या बाजूला असते, म्हणजे ती अंगापासून लांब राहते, कुडत्याला काळं लागत नाही. डावा हात कठड्याला मोकळा. लहान साइजच्या फ्रेममध्ये मधला त्रिकोणही लहान असतो, तेव्हा खांदा आत जातो का हे पैसे देण्याआधी दुकानातच बघून घ्या. वरची नळी मागच्या बाजूला उतरती असलेली हायब्रिड मिळते, ती तुमच्यासाठी बरी; पाय टाकायला फार उंच नाही आणि खांद्यावरही बसते. सलवार किंवा लेगिंगला उजव्या घोट्यापाशी एक पट्टा लावा, विषय संपला.

आता भाच्याची रेसर. एका बोटावर उचलते यात खोटं काही नाही, आठ-नऊ किलोची सायकल उचलून मनुष्य प्रेमात पडतोच. पण तिला टायर बसतात २५, फार तर २८ मिलिमीटरचे. केर्लीकडं जाताना शिवाजी पूल ओलांडेपर्यंत ठीक; पुढं पाणंदीत शिरलात की उतरून ढकलायची वेळ येईल. मागं कॅरियर बसवायची सोय बहुतेकींना नसते, म्हणजे बँकेचा डबा पाठीवर. आणि जुनं कार्बन म्हणजे बंद मूठ. पडझड झाली असेल तर आतला तडा बाहेरून दिसेलच असं नाही, आणि अॅल्युमिनियमसारखं ते वाकून सूचना देत नाही. भाच्याला सांगा, तुझ्या मित्राची सायकल तूच घे.

रेसर नको म्हणायचं सगळ्यात मोठं कारण मात्र गिअर. २१ आहेत का २४ हे विचारण्यात अर्थ नाही. पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी चकती, या दोघींचे दात तेवढे मोजा. पुढं २८ आणि मागं ३२ असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल दोन मीटरलाही जरा कमीच सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर वेग ताशी सातेक किलोमीटर. भरभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडा जास्त, पण सीटवरून न उठता, धाप न लागता वर जाता येतं. जुन्या रेसरला पुढं ३९ आणि मागं २५ असं सर्रास असतं. तिथं एका फेरीला सव्वातीन मीटर जावंच लागतं, जमत नसेल तर गुडघा बोलायला लागतो. काही हायब्रिडना पुढं २४ चीही चकती येते. ती मिळाली तर सोन्याहून पिवळं. पुढचे दात मागच्या दातांपेक्षा कमी, हे एवढं लक्षात ठेवून दुकानात जा. आणि चढ लागायच्या आधीच गिअर बदला. जोर लावत असताना बदलायला गेलात तर चेन कडाकड आवाज करते, कधी उतरतेही.

टायरवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण खड्डे, चढ, पाणंद या तिन्हींचं उत्तर तिथंच आहे. टायरच्या कडेला बारीक उठावाची अक्षरं असतात : ३८-६२२ असं काहीतरी. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा रिमवर टायर बसतो तिथला व्यास. ६२२ म्हणजे ज्याला दुकानात सातशे-सी म्हणतात ते चाक, ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची, ५५९ म्हणजे जुनं सव्वीस इंची. आपल्या आजोबांच्या काळ्या सायकलीचं २८ इंची चाक ६३५ चं. सातशे-सीलाही बरेच जण २८ म्हणतात, आणि मग गावात पंक्चरवाल्याकडून त्या काळ्या सायकलीचा टायर आणला जातो, जो १३ मिलिमीटरनं मोठा असतो आणि कितीही झटलं तरी नीट बसत नाही. म्हणून ‘२८ चा द्या’ न म्हणता कडेचा आकडा सांगायचा.

तुम्हाला रुंदी हवी ३५ ते ४२. मधे गुळगुळीत, कडांना थोड्या गाठी, असा टायर निवडा. सगळीकडं मोठ्या गाठी असलेला टायर डांबरी रस्त्यावर घूं-घूं आवाज करतो आणि रोज शाहूपुरीला जाताना उगाच जोर खातो. हवेचं म्हणाल तर तुमच्या वजनाला ३८ च्या टायरमध्ये ४० ते ४५ पीएसआय शहरात पुरे. पाणंदीत शिरताना ३५ वर आणा, फरक हाताला लगेच कळेल. टायरवर लिहिलेला सगळ्यात मोठा आकडा ही मर्यादा असते, तेवढी हवा भरलीच पाहिजे असं नव्हे. पंपावरची पोरं मात्र दगडासारखी भरून देतात. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर कुठल्याही पंपावर काम होतं. बारीक, टोकाला लहान नट असलेला असेल तर पितळी अडॅप्टर लागतो, दोन घेऊन एक पिशवीत टाका.

पाणंदीबद्दल एक गोष्ट मात्र कोणताही टायर बदलू शकत नाही. जोतिबा-पन्हाळ्याच्या अंगाला तांबडी माती आणि मुरूम. पावसातही जपून गेलं तर सायकल निघते. पंचगंगेच्या बाजूची काळी माती ओली झाली की चाकाला थापली जाते, थरावर थर चढतो आणि मडगार्डपाशी चाक गच्च होतं. अशा वेळी पाणंदीच्या तोंडाशी सायकल लावून चालत जावं. बाकी दिवसांसाठी टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्हीकडं बोटभर जागा आहे ना, तेवढं बघा.

ब्रेक डिस्कचा घ्या, केबलवाला. रिमला घासणारा व्ही-ब्रेक दोन-तीनशे ग्रॅमनी हलका पडतो, त्याचं काम कुठलाही मेस्त्री करतो, कोरड्या दिवसांत मला तोच आवडतो. पण आपल्याकडचा पावसाळा, चिखलानं माखलेली रिम आणि पन्हाळ्याचा उतार हे तिन्ही एकत्र आले की डिस्क असलेली बरी. हायड्रॉलिक डिस्क याहून मऊ लागतो, पण तेल काढणं-भरणं प्रत्येक गल्लीत होत नाही. चेनला तेल सोडताना डिस्कवर थेंब उडू देऊ नका, तेलकट झाली की ब्रेक किंचाळतो आणि लागत नाही. तुमचे हात लहान असतील तर ब्रेकच्या दांडीपाशी एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून दांडी हँडलच्या जवळ आणता येते. दुकानात हे सहसा कोणी सांगत नाही.

साइजमध्ये तडजोड नको. पाच फूट दोन इंचांना १५ किंवा १६ इंची फ्रेम बघा, बहुतेक कंपन्या तिला एस म्हणतात. एस नाही म्हणून एम गळ्यात मारायला बघतील, ‘सीट खाली करून देतो की’ म्हणतील. सीट खाली होते, हँडल जवळ येत नाही. महिन्याभरात मान आणि मनगट दुखायला लागतं. नळीच्या दोन्हीकडं पाय टाकून उभं राहिल्यावर नळी आणि अंग यांत दोन इंच तरी मोकळे हवेत. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवली आणि पेडल सगळ्यात खाली नेलं की पाय सरळ व्हावा. मग पंजानं पेडल मारताना गुडघ्याला हवा तेवढा बाक राहतो. लहान फ्रेमला सातशे-सी चाक असलं तर वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं का तेही बघा. लागत असेल तर साडेसत्तावीस इंची चाकाची घ्या, तुमच्या उंचीला ती काही वेळा जास्त शोभते.

तीस हजार सगळे सायकलीत घालू नका. चार-पाच हजार बाजूला ठेवा : हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, पूर्ण लांबीचे मडगार्ड, मागचं कॅरियर, बँकेबाहेर लावायला चांगलं यू-आकाराचं कुलूप, हातपंप. मडगार्ड आणि कॅरियरसाठी मागच्या ॲक्सलपाशी आटे पाडलेली भोकं लागतात, ती फ्रेमला आहेत याची खात्री करा. हंगामात पन्हाळा रोडला उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या घेऊन जातात आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. पहाटे निघालात तर आपला दिवा दोघांचं काम करतो. सायकलीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिलावर कर किती लावलाय तेही वाचून घ्या. घेतल्यावर महिन्याभरानं एकदा दुकानात परत न्या. नव्या केबली सैलावतात, स्पोक जागेवर बसतात, गिअर खडखडायला लागतात. पहिली सर्व्हिस बहुधा फुकट असते आणि निम्मे लोक ती करूनच घेत नाहीत.

तरीही भाच्यानं हट्ट धरला आणि दुसरी एखादी जुनी हायब्रिड दाखवली, तर बघायला हरकत नाही. जुन्या बाजारात हलकी सायकल निम्म्या किमतीत मिळून जाते. चाक उचलून फिरवा, लचकतंय का बघा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवा, हँडलच्या मुळाशी खटखट होतेय का ऐका. नळ्यांच्या जोडांवरून नख फिरवा. मग सायकल उलटी करा : पेडलच्या मधल्या जोडाखाली नंबर कोरलेला असतो, तो बिलावर असला तर बिलाशी ताडून बघा. तुमच्या घरून एक सायकल गेलेली आहेच. नंबर खरवडलेला असेल किंवा बिल ‘घरी आहे, उद्या देतो’ असं असेल, तर ती कितीही हलकी असो, नको.